लोकर, फ्लॅनलेट आणि लिबर्टी बॉडीस : शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या अंतर्वस्त्रांची गोष्ट

बनियन आणि चड्डी. आज लहान मुलांची अंतर्वस्त्रे म्हटली की एवढेच डोळ्यांसमोर येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या मुलांची गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात त्यांच्या फ्रॉकखाली किंवा सदऱ्याखाली तीन-चार, कधी पाच थर असत. त्यातला एक थर उबेसाठी, एक मोजे धरून ठेवण्यासाठी, एक पाठीला आधार म्हणून आणि एक निव्वळ रीत म्हणून घातला जाई.

हे कपडे कसे असावेत यावर डॉक्टर, कारखानदार, शाळा आणि शेवटी ब्रिटिश संसद यांनीही मते मांडली. संसदेला यात पडावे लागले याचे कारण गंभीर होते. गरीब घरांत उबेसाठी वापरले जाणारे एक स्वस्त कापड सहज पेट घेत होते आणि त्यात मुले जळून मरत होती.

फ्रॉकखाली काय काय असे?

१९०० ते १९१४ या काळातल्या मध्यमवर्गीय ब्रिटिश मुलीचे हिवाळ्यातले कपडे आतून बाहेर असे असत. सर्वांत आत लोकरीचे बनियन किंवा 'कॉम्बिनेशन', म्हणजे बनियन आणि चड्डी एकत्र शिवलेला एकसंध कपडा. त्याआधीच्या पिढीत या जागी सैलसर सुती 'शमीज' असे. आपल्याकडे फ्रॉकखालच्या कपड्याला शमीज म्हणतात, तो शब्द याच युरोपीय कपड्याच्या नावावरून आला आहे.

त्यावर 'स्टेज' किंवा बॉडीस, म्हणजे छाती-पोटाभोवती घट्ट बसणारे बिनबाह्यांचे जाकीट. त्याला कमरेशी बटणे असत आणि त्या बटणांवर चड्डी अडकवली जाई. ही चड्डी गुडघ्यापर्यंत येई. मागच्या बाजूला बटणांनी उघडणारी झडप असे, म्हणजे शौचाला जाताना सगळे कपडे उतरवावे लागत नसत. चड्डीवर फ्लॅनेलचा परकर, त्यावर पांढरा सुती परकर आणि मग फ्रॉक. पायांत मांडीपर्यंत येणारे लोकरीचे लांब मोजे.

मुलग्यांची गोष्ट फार निराळी नव्हती. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत अनेक घरांत मुलगेही फ्रॉकच घालत आणि त्याखाली बहिणीसारखेच परकर. त्या वयात लघवीच्या सवयी लागेपर्यंत ते सोयीचे पडे. विजार मिळणे हा मुलग्याच्या आयुष्यातला एक टप्पा मानला जाई. ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडत गेली.

या सगळ्यात इलास्टिक फारसे नव्हते. कपडे जागेवर राहत ते बटणे, काज आणि नाड्यांच्या जोरावर. पाठीमागची बटणे लहान मुलाला स्वतः लावता येत नसत. त्यामुळे मुलाला कपडे चढवायला घरात मोठ्या माणसाचा हात आणि वेळ लागे. श्रीमंत घरात ते काम आया करी, गरीब घरात आई किंवा मोठी बहीण.

लोकरच का?

त्या काळी घरे गरम ठेवण्याची एकच सोय होती : खोलीतली कोळशाची उघडी शेकोटी. तिच्यासमोर बसले तर ऊब, दोन पावले मागे सरकले की गारठा. झोपायच्या खोल्या आणि जिने थंडच असत. ऊब अंगावरच बाळगावी लागे.

यात भर पडली एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताची. श्टुटगार्टच्या गुस्ताव येगर यांनी १८८० च्या सुमारास असा प्रचार सुरू केला की माणसाने अंगालगत फक्त प्राणिज धागा, म्हणजे लोकर, वापरावा. वनस्पतिज धागे, म्हणजे सूत आणि ताग, आरोग्याला बाधक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. लुईस टोमालिन या लंडनच्या व्यावसायिकाने हा विचार उचलला आणि १८८४ मध्ये येगर यांच्याच नावाने लोकरी कपड्यांचे दुकान काढले. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे या कपड्यांचे प्रसिद्ध गिऱ्हाईक. येगर यांचा मूळ सिद्धान्त पुढे टिकला नाही, पण 'अंगालगत लोकर' हा सल्ला आयांच्या मनात पक्का बसला.

दुसरी बाजूही होती. १८८८ मध्ये लँकेशायरच्या लुईस हॅसलम यांनी एअरटेक्स हे जाळीदार विणीचे सुती कापड बाजारात आणले. त्यामागचा विचार असा, की ऊब धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. विणीत बारीक छिद्रे ठेवली तर सुती कापडही ऊब देते, शिवाय घामही वाळतो. हे म्हणणे शास्त्राला धरून होते.

लोकरीची खरी अडचण धुण्यात होती. गरम पाण्यात लोकर आटते आणि घट्ट होते. सुती कपडा उकळता येतो, लोकरीचा येत नाही. त्यामुळे लोकरीचे आतले कपडे कमी धुतले जात. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते आणि न उकळलेल्या कपड्यात ती तगून राहते. याच उवेमुळे टायफस हा ताप पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले.

लिबर्टी बॉडीस

एकोणिसाव्या शतकात मुलींना लहानपणापासून कॉर्सेटची सवय लावत. अगदी लहान मुलींच्या स्टेजमध्ये हाडाच्या पट्ट्यांऐवजी जाड दोऱ्या शिवलेल्या असत, पण कपडा छातीला आवळणाराच. त्याविरुद्ध १८८१ मध्ये लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. बाईच्या अंगावरचे आतले कपडे वजनाने हलके असावेत आणि त्यांनी शरीर आवळू नये, ही तिची मागणी होती.

या चळवळीचा फायदा एका कॉर्सेट बनवणाऱ्या कंपनीनेच करून घेतला. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यातील मार्केट हार्बरो या गावच्या सिमिंग्टन कंपनीने १९०८ मध्ये मुलांसाठी 'लिबर्टी बॉडीस' काढला. लिबर्टी म्हणजे मोकळीक, अर्थातच कॉर्सेटपासून. आतून लव असलेल्या मऊ विणीच्या कापडाचे हे जाकीट. त्यावर सुती पट्ट्या उभ्या-आडव्या शिवलेल्या असत.

या पट्ट्या शोभेसाठी नव्हत्या. बॉडीसच्या खालच्या कडेला बटणे असत. त्यांवर चड्डी आणि परकर लटकत, आणि मोजे ओढून धरणारे पट्टेही तिथेच अडकत. एवढे वजन मऊ कापडावर पडले असते तर ते ताणून फाटले असते. पट्ट्यांमुळे वजन कमरेवर न येता खांद्यांवर जाई. म्हणजे बॉडीस हा अर्धा कपडा आणि अर्धा सांगाडा होता.

पुढच्या काळात बटणे रबराची आली. त्यामागेही कारण होते. ओले कपडे तेव्हा दोन जड रुळांमध्ये घालून पिळत. शिंपल्याची किंवा हाडाची बटणे त्यात फुटत, रबराची टिकत. ही रबरी बटणे घट्ट काजातून काढताना लहान बोटांची होणारी तारांबळ ब्रिटनमधल्या जुन्या पिढीच्या आठवणीत अजून आहे. लिबर्टी बॉडीस दुसऱ्या महायुद्धानंतरही अनेक वर्षे विकला जात होता.

शाळेची निळी चड्डी

याच काळात मुलींच्या शाळांमध्ये व्यायाम शिरला. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनी १८८५ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांसाठी व्यायामशिक्षकांचे महाविद्यालय काढले. १८९५ मध्ये ते डार्टफर्डला गेले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी गुडघ्याइतका बिनबाह्यांचा 'जिमस्लिप' शाळाशाळांत नेला.

पांढरे परकर घालून दोरावर चढता येत नाही. त्यामुळे परकरांची जागा गडद निळ्या जाड चड्डीने घेतली. तिला अनेकदा रुमालासाठी खिसाही असे. जाड कापड रोज धुणे शक्य नव्हते, म्हणून आत पातळ सुती चड्डी घालत आणि ती बदलत. मुलीच्या अंगावरचे एक-दोन थर अशा रीतीने शाळेमुळे कमी झाले.

गरीब घरांत काय होते?

वर सांगितलेले थर ज्यांना परवडत त्यांचे. बाकीच्यांचे काय?

यॉर्क शहरातल्या गरिबीचा अभ्यास सीबोम राउनट्री यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. जेमतेम जगण्यासाठी किती पैसे लागतात याचा हिशेब त्यांनी मांडला. त्यात एका मुलाच्या कपड्यांसाठी आठवड्याला पाच पेन्स धरले होते. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगचा एक पौंड होई. म्हणजे मुलामागे वर्षाला एका पौंडापेक्षा थोडे जास्त. आतले कपडे, बाहेरचे कपडे आणि बूट, सगळे यातच. यॉर्कमध्ये एवढेही नसलेली कुटुंबे बरीच होती.

अशा घरांत कपडे मोठ्याकडून धाकट्याकडे येत. बापाचा जुना सदरा कापून मुलाचे बनियन होई. अनेक मुलांना चड्डी नसेच. काही ठिकाणी थंडी सुरू झाली की मुलांना आतल्या कपड्यांत शिवूनच टाकत आणि ते टाके वसंत ऋतूत उसवत. बदलायला दुसरा जोड नसला, पाणी तापवायला कोळसा नसला आणि वाळत घालायला जागा नसली, तर कपडा अंगावरच राहणार.

१९०७ च्या शिक्षण कायद्याने शाळांत वैद्यकीय तपासणी सुरू झाली, तेव्हा हे चित्र सरकारी डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या नजरेस पडले. १९०८ च्या बालक कायद्याने उवा झालेल्या मुलांना आणि त्यांच्या कपड्यांना स्वच्छ करण्याचा अधिकार शिक्षण अधिकाऱ्यांना दिला. मात्र स्वच्छ केलेल्या मुलाला घरी गेल्यावर घालायला दुसरा कपडा कुठून आणायचा, हा प्रश्न आईकडेच राहिला.

फ्लॅनेल आणि फ्लॅनलेट

दोन्ही नावे सारखी वाटतात, पण कापडे वेगळी. फ्लॅनेल लोकरीचे. फ्लॅनलेट सुती, पण त्याचा पृष्ठभाग खरवडून वर मऊ लव आणलेली. हाताला ते लोकरीसारखे लागते, उबदार असते, उकळून धुता येते, आटत नाही आणि फ्लॅनेलच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते गरीब घरांत झपाट्याने पसरले. बाळाचे झबले, मुलांचे बनियन, परकर, चड्ड्या, रात्रीचे झगे सगळे फ्लॅनलेटचे होऊ लागले.

गरीब आईच्या दृष्टीने यात नाव ठेवायला काही नव्हते. धोका दिसत नव्हता, तो त्या मऊ लवेतच होता.

लोकरीचा धागा पेटायला जास्त उष्णता लागते. पेटला तरी तो काजळतो आणि बहुधा आपोआप विझतो. सुताचे तसे नाही. त्यातही फ्लॅनलेटच्या पृष्ठभागावर बारीक तंतू मोकळे उभे असतात आणि प्रत्येक तंतूभोवती हवा असते. ठिणगी पडली की ज्योत क्षणात सगळ्या लवेवरून धावते आणि मग खालचे कापड पेट घेते. कपडा जितका सैल आणि लांब, तितका धोका जास्त, कारण आत-बाहेर दोन्हीकडून हवा मिळते. म्हणून परकर आणि झगे घालणाऱ्या लहान मुलींना याची झळ अधिक बसली.

घराची रचनाही कारणीभूत होती. सगळे कुटुंब एका-दोन खोल्यांत. स्वयंपाक, धुणे वाळवणे, मुलांची आंघोळ, सगळे त्याच उघड्या शेकोटीसमोर. आई पाण्याला किंवा दुकानात गेली की मुले आगीजवळ एकटी.

कायद्याने बोट कुणाकडे दाखवले?

अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरांपुढे अशी प्रकरणे वारंवार येऊ लागली. त्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले : शेकोटीपुढे जाळी नसणे आणि अंगावर फ्लॅनलेट असणे.

संसदेने आधी पहिली गोष्ट धरली. १९०८ च्या बालक कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार सात वर्षांखालील मूल जाळी नसलेल्या शेकोटीच्या खोलीत राहू दिले आणि त्यामुळे ते दगावले किंवा गंभीर भाजले, तर त्याचा सांभाळ करणाऱ्याला दहा पौंडांपर्यंत दंड होऊ शकत होता. लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या कामगार कुटुंबांवर मॉड पेंबर रीव्हज यांनी १९१३ मध्ये लिहिलेले पुस्तक आठवड्याला साधारण एक पौंडात चालणाऱ्या संसारांचे आहे. अशा घरासाठी दहा पौंड म्हणजे दहा आठवड्यांची कमाई. तीही मूल गमावल्यावर.

दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे कापडाला, हात घालायला आणखी पाच वर्षे लागली. कोरोनरांच्या कामकाजाचा विचार करणाऱ्या सरकारी समितीने १९१० मध्ये फ्लॅनलेटच्या धोक्यावर स्वतंत्र अहवाल दिला. त्यानंतर १९१३ मध्ये कापडाच्या चुकीच्या वर्णनाविरुद्धचा कायदा आला. 'न पेटणारे' किंवा 'आगीपासून सुरक्षित' असे म्हणून कापड विकायचे असेल, तर ते ठरलेल्या कसोटीला उतरले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. साधे फ्लॅनलेट साधे म्हणून विकायला मात्र कोणतीही आडकाठी नव्हती.

म्हणजे जाळी न लावणारी आई गुन्हेगार ठरू शकत होती, पण सहज पेटणारे कापड मुलांच्या कपड्यांसाठी विकणारा ठरत नव्हता. फ्लॅनलेटवर बंदी घातली असती तर गरीब मुले थंडीत कुडकुडली असती, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण मधला मार्गही तोवर बाजारात आला होता.

न पेटणारे फ्लॅनलेट

कापड पेटू नये म्हणून क्षार लावण्याची युक्ती जुनी होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये नाटकगृहांतल्या पडद्यांसाठी अमोनियमचे क्षार आणि टाकणखार सुचवला होता. पण असे क्षार पाण्यात विरघळतात. पडदा रोज धुवावा लागत नाही, मुलांचे कपडे धुवावेच लागतात.

मँचेस्टरच्या व्हिप ब्रदर्स अँड टॉड या कंपनीने हा प्रश्न विल्यम हेन्री पर्किन यांच्यापुढे ठेवला. हे मँचेस्टरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग शोधणारे पर्किन ते यांचे वडील. धाकट्या पर्किन यांनी हजारो वेळा कापड जाळून पाहिले. शेवटी जी पद्धत सापडली ती अशी : कापड आधी कथिलाच्या सोडियम स्टॅनेट या क्षाराच्या द्रावणातून काढायचे, पिळून तापलेल्या रुळांवर वाळवायचे, मग अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून काढून पुन्हा वाळवायचे आणि धुवायचे. या क्रियेत धाग्याच्या आत कथिलाचे ऑक्साइड तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून वारंवार धुतले तरी जात नाही.

हे कापड 'नॉन-फ्लॅम' नावाने विकले गेले. १९१२ मध्ये अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र परिषदेत पर्किन यांनी त्याची माहिती दिली. अडचण एकच उरली. प्रक्रियेमुळे वाराला किंमत थोडी वाढे. ज्या घराला या कापडाची सर्वाधिक गरज होती, त्याच घरात ती वाढीव पेनी जड होती. दुकानात दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले तर हात स्वस्ताकडेच जाई.

थर कमी कसे झाले?

पहिल्या महायुद्धानंतर मुलांचे आतले कपडे वेगाने हलके झाले. त्याला अनेक कारणे एकत्र आली. यंत्रावर विणलेले ताणणारे कापड स्वस्त झाले. कमरेला इलास्टिक आल्यावर चड्डी अडकवायला बॉडीसची गरज उरली नाही. मुलींचे फ्रॉक आखूड झाले, तसे परकर गेले. क्षयावर सूर्यप्रकाशाचा उपचार करणारे स्विस डॉक्टर ओग्युस्त रॉलिए यांचे काम गाजत होते आणि १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये 'सनलाइट लीग' स्थापन झाली. मुलांना गुंडाळून ठेवण्यापेक्षा हवा-ऊन लागू द्यावे, हा सल्ला आता डॉक्टरच देऊ लागले.

पण ही हलकी, धुतलेली, दोन जोड असलेली अंतर्वस्त्रे सर्वांपर्यंत पोहोचली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने शहरांतली मुले खेड्यांत हलवली गेली, तेव्हा काही मुलांकडे आतले कपडेच नाहीत आणि काही अजून कपड्यांत शिवलेलीच आहेत, हे पाहून यजमान घरे हादरली. १९४३ मध्ये 'अवर टाउन्स' या अहवालात शहरी गरिबीचे हे वास्तव सविस्तर मांडले गेले.

संग्रहालयात काय उरले?

सिमिंग्टन कंपनीचे कॉर्सेट आणि बॉडीस आज लेस्टरशायरच्या संग्रहालयांत जपलेले आहेत. सुखवस्तू घरांतले भरतकाम केलेले परकर आणि लेस लावलेल्या चड्ड्याही अनेक संग्रहालयांत दिसतात. फ्लॅनलेटचे परकर मात्र क्वचित. ते भाऊबहिणींनी वापरून झिजवले आणि शेवटी त्यांची फडकी झाली. त्यांची नोंद सापडते ती कोरोनरांच्या कागदांत, शाळेच्या डॉक्टरांच्या अहवालांत आणि कायद्याच्या कलमांत.

कायद्याला आपली दिशा बदलायला बराच काळ लागला. १९५२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये शेगड्या विकतानाच त्यांना जाळी असणे सक्तीचे झाले, म्हणजे जबाबदारी आईकडून विकणाऱ्याकडे सरकली. कापडाच्या बाबतीत हाच बदल १९६४ मध्ये झाला. मुलींच्या रात्रीच्या झग्यांसाठी सहज न पेटणारे कापडच वापरले पाहिजे, असा नियम त्या वर्षी लागू झाला. पर्किन यांनी असे कापड करता येते हे दाखवून दिल्याला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती.